परदेशातलं चर्च निवडताना: खिसा, रविवार आणि फॉर्मवरचा एक रकाना

वसईहून, गोव्याहून किंवा पुण्याच्या कॅम्पातून नोकरीसाठी न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे निघालेल्या मुलामुलींना तिथलं घरभाडं, विमा, फोनचा प्लॅन यांचा हिशेब सांगणारे शंभर जण भेटतात. चर्चचा हिशेब कुणी सांगत नाही. घरी असताना त्याची गरजही पडत नाही. ज्या धर्मग्रामात जन्मलो तोच आपला, वर्गणी आईवडील भरतात आणि धर्मगुरू आजोबांना नावानिशी ओळखतात. तिकडे गेल्यावर चर्च पहिल्यांदाच निवडावं लागतं, तेही एकट्याने.

हे मार्गदर्शन त्यातल्याही एका विशिष्ट वाचकासाठी आहे. वय पंचविशी-तिशीचं, लग्न झालेलं नाही, मिस्सा सोडायची नाही. पण प्रवचनात स्थलांतरितांवर, समलिंगी माणसांवर, घटस्फोटितांवर किंवा नोकरी करणाऱ्या बायकांवर ताशेरे ऐकून घरी यायचीही तयारी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची वसई पाहून जे वाढले, त्यांना वेदीवरचा माणूस पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरतो याचं नवल वाटत नाही. हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. अमेरिकेत मात्र असा धर्मगुरू गल्लीतल्या चर्चमध्ये भेटेलच असं नाही. शोधावा लागतो.

आधी अपेक्षा बेतात ठेवा. पुरोगामी म्हणून नावाजलेला धर्मग्रामही रोमशी बांधलेलाच असतो. तिथे समलिंगी जोडप्याचं लग्न लागणार नाही आणि बाई मिस्सा अर्पण करणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना विधीबाहेरचा साधा आशीर्वाद देण्याची मोकळीक धर्मगुरूंना दिली, त्यापुढे गोष्ट गेलेली नाही. शिकवण सगळीकडे एकच, भर कशावर द्यायचा ते मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. वेदीवर मुली दिसल्या म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. ती परवानगी १९९४ पासून आहे, आणि २०२१ पासून वाचक व वेदीसेवक ही पदंही स्त्रियांना रीतसर खुली झाली आहेत. उलट फक्त मुलगेच दिसले, तर त्यातून बरंच कळतं. शुभवर्तमानानंतरचं प्रवचन चर्चच्या कायद्याने धर्मगुरूकडे किंवा डीकनकडेच असतं. पण कम्युनियननंतर एखाद्या धर्मभगिनीला किंवा नोकरदार बाईला चार शब्द बोलायला उभं करतात का, हे बघण्यासारखं आहे.

पाटी वाचू नका, पैसा बघा

'सर्वांचं स्वागत' ही पाटी अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक चर्चबाहेर असते. तिला किंमत नाही. धर्मग्रामाचा खरा रंग कळतो तो पैसा कुठे जातो यावरून, आणि हे बघायचा हक्क तुम्हाला चर्चच्याच कायद्याने दिला आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधलं कलम ५३७ सांगतं की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. कलम १२८७ म्हणतं की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. अमेरिकेत बरेच धर्मग्राम वर्षाचा हिशेब वेबसाइटवर टाकतात आणि मागच्या रविवारी किती दान जमलं तो आकडा साप्ताहिक पत्रकात छापतात. हे पत्रक दाराशी फुकट मिळतं, शिवाय वेबसाइटवर जुने अंकही सापडतात. प्रत्यक्ष जाण्याआधी चार-सहा अंक वाचून काढा. खर्च शून्य, वेळ अर्धा तास, आणि निम्मी चर्च यादीतून तिथेच गळतात.

काय वाचायचं? अन्नछत्र किंवा बेघरांसाठी काही नियमित चालतं, की नाताळाच्या टोपल्यांवर भागवतात? स्थलांतरितांना वकिली मदत आहे का? गटांच्या यादीत समलिंगी भाविकांचा गट उघड नावाने आहे का? आणखी एक चांगली खूण नोव्हेंबरात मिळते. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी अमेरिकन बिशपांच्या 'कॅथलिक कॅम्पेन फॉर ह्युमन डेव्हलपमेंट'साठी दुसरी थाळी फिरते. १९६९ पासूनचा हा निधी गरिबांच्या स्वतःच्या संघटनांना बळ देण्यासाठी आहे, त्यामुळे पुराणमतवादी गट त्यावर सतत टीका करत आले आहेत. काही बिशपांनी तर आपल्या धर्मप्रांतात ही थाळी घेणंच बंद केलं. पत्रकात या निधीबद्दल मोकळेपणाने दोन परिच्छेद छापले असतील, तर त्या धर्मगुरूला टीकेची फार भीती नाही असं समजा. नुसती तारीख छापून मोकळे झाले असतील तर तेही लक्षात घ्या.

हिशेबातून एक गोष्ट मात्र कळत नाही. धर्मगुरू बदलला की चर्च बदलतं. अमेरिकेत पुष्कळ धर्मप्रांतांत मुख्य धर्मगुरूची नेमणूक सहा वर्षांसाठी असते, फार तर आणखी एक मुदत मिळते. तिथले तरुण धर्मगुरू सरासरीने आपल्या ज्येष्ठांपेक्षा जास्त पुराणमतवादी आहेत. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाने २०२२ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीतही हेच दिसलं. म्हणून पहिल्याच भेटीत बेधडक विचारा, "फादर इथे कधीपासून आहेत?" उत्तर 'पाच वर्षं' असेल, तर त्या चर्चजवळ दोन वर्षांचा भाडेकरार करू नका. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन किंवा पॉलिस्ट अशा संघांकडे असलेले धर्मग्राम या बाबतीत टिकाऊ ठरतात, कारण एक फादर गेला तरी येणारा त्याच संघाचा असतो.

जर्सी सिटीतून तीन रस्ते

भारतीयांची दाट वस्ती असलेल्या जर्सी सिटीचंच उदाहरण घेऊ. इथला रहिवासी नेवार्क धर्मप्रांतात मोडतो. तिथले कार्डिनल जोसेफ टोबिन यांनी २०१७ मध्ये समलिंगी कॅथलिकांच्या यात्रेचं आपल्या कॅथीड्रलमध्ये स्वागत केलं होतं, म्हणजे वातावरण वरून तरी मोकळं आहे. शहरातच येशूसंघीयांचं सेंट पीटर्स विद्यापीठ आहे आणि सेंट एडन्स हे त्याचं चर्च. जर्नल स्क्वेअरच्या बाजूला राहणाऱ्याला तिथे चालत जाता येतं. आधी ते बघा. फुकट आहे.

नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये पर्याय जास्त आहेत. पाथ रेल्वेने १४व्या रस्त्यावर उतरलात की दोन-तीन मिनिटांवर १६व्या रस्त्यावर येशूसंघीयांचं सेंट फ्रान्सिस झेवियर आहे. तिथे दर रविवारी भुकेल्यांसाठी जेवण मांडलं जातं आणि न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या विचारांच्या धर्मग्रामांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. ३३व्या रस्त्याच्या शेवटच्या स्टेशनवर उतरलात तर पेन स्टेशनजवळ, ३१व्या रस्त्यावर फ्रान्सिस्कनांचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी लागतं. तिथली भुकेल्यांची सकाळची रांग १९३० पासून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी पाथचं एकच तिकीट लागतं, म्हणजे जाऊन-येऊन सहा-सात डॉलर. तिसरं कोलंबस सर्कलजवळचं सेंट पॉल द अपॉसल. ते पॉलिस्ट संघाचं मूळ चर्च असून समलिंगी भाविकांचा गट तिथे उघडपणे काम करतो. पण तिथे जायला पाथनंतर सबवे घ्यावी लागते आणि दोन्हींची तिकिटं वेगळी, एकमेकांत चालत नाहीत. त्यामुळे फेरी बाराच्या पुढे जाते. दर रविवारी गेलात तर वर्षाला साधारण साडेसहाशे डॉलर, म्हणजे बऱ्याच लोकांच्या दानाहून जास्त. माझं मत विचाराल तर जर्सी सिटीतल्या माणसाने १६वा रस्ता पकडावा. सेंट पॉलला अधूनमधून एखाद्या व्याख्यानासाठी जावं.

दुसऱ्या शहरातल्यांसाठी सुरुवातीची नावं: शिकागोत ओल्ड सेंट पॅट्रिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत कॅस्ट्रो भागातलं मोस्ट होली रिडीमर, वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनचं होली ट्रिनिटी, बोस्टनमध्ये पॉलिस्ट सेंटर. १९७७ पासून काम करणारी न्यू वेज मिनिस्ट्री ही संस्था समलिंगी भाविकांना सामावून घेणाऱ्या धर्मग्रामांची यादी ठेवते. तुमचा प्रश्न तो नसला तरी ही यादी उपयोगी पडते, कारण त्या बाबतीत मोकळं असलेलं चर्च बहुधा बाकीच्या बाबतींतही मोकळं असतं.

इथे एक फसगत टाळा. 'सर्वसमावेशक कॅथलिक' असं नाव लावणाऱ्या काही मंडळींचा रोमशी संबंध नसतो. तिथे बाई धर्मगुरू असेल, समलिंगी लग्नं लागत असतील. तुम्हाला तेच हवं असेल तर तो तुमचा निर्णय. पण तिथे लग्न केलंत आणि नंतर वसईच्या धर्मग्रामात नोंद करायला गेलात, तर ती होणार नाही. चर्चचं नाव धर्मप्रांताच्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का, एवढं आधी तपासा.

आणखी एक बारीकसा घोटाळा. भारतीय चेहरा बघून कुणी तुम्हाला हमखास सिरो-मलबार चर्चमध्ये पाठवील. तिथली मिस्सा तुम्हाला पूर्ण चालते, पण वसई-गोव्याचे आपण लॅटिन विधीचे. नावनोंदणी लॅटिन धर्मग्रामातच करा, नाहीतर लग्नाच्या वेळी कागद फिरत बसतात.

किती पडतं?

मिस्सेला पैसे पडत नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या चर्चमध्ये बाकांचं भाडं घेत, तो काळ गेला. नावनोंदणीही फुकट असते, आणि ती पहिल्या महिन्यातच करावी. कायद्याने तुम्ही जिथे राहता तोच तुमचा धर्मग्राम, आणि तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलात की तिथले झालात. पण शहरांत दुसरीकडे नाव घालायला सहसा कुणी हरकत घेत नाही. नोंदणी नसेल तर पुढे मित्राच्या बाळाचे गॉडपेरेंट होण्यासाठी लागणारं पत्र मिळत नाही आणि लग्नाच्या वेळी धावपळ होते. नोंदणी केली की दानाची पाकिटं किंवा ॲपची लिंक येते.

दान किती द्यावं, याला नियम नाही. कलम २२२ चर्चला हातभार लावणं हे कर्तव्य सांगतं, पण रक्कम सांगत नाही. 'आठवड्यातून एका तासाचा पगार' हे अमेरिकन धर्मगुरूंचं आवडतं सूत्र आहे. पगारदाराला ते परवडतं. विद्यार्थ्याने पाच डॉलर टाकावेत आणि संकोच करू नये. बिशपांचं वार्षिक आवाहनही येतं. धर्मप्रांत प्रत्येक धर्मग्रामाला उद्दिष्ट ठरवून देतो, म्हणून त्यासाठी आग्रह जरा जास्त असतो. 'यंदा जमणार नाही' म्हणणं हे पाप नाही.

एका नोकरदाराचं साधं वर्ष मांडू. दर रविवारी दहा डॉलर धरले तर ५२०. दुसऱ्या थाळ्या मिळून ६०. बिशपांच्या आवाहनाला ५०. वर्षातून एक शनिवार-रविवारची रिट्रीट साधारण २५०, पण त्यात सवलत मागायची पद्धत आहे, मागितली की बहुतेक ठिकाणी मिळते. १६व्या रस्त्याचं रेल्वेभाडं ३४०. बेरीज १२२०. मिस्सेनंतरचा ब्रंच मी यात धरलेला नाही. मॅनहॅटनमध्ये एका बैठकीला तीस डॉलर सहज जातात, म्हणजे महिन्यातून दोनदा गेलात तर दानापेक्षा जास्त. तरुणांचे गट मात्र या ब्रंचवरच जमतात. कॉफीपुरतं बसा, कुणी हिशेब ठेवत नाही. १९८१ मध्ये शिकागो धर्मप्रांतात सुरू झालेल्या 'थिऑलॉजी ऑन टॅप'चंही असंच. बारमध्ये बसून धर्मावर व्याख्यान. ऐकणं फुकट, बिअर ज्याची त्याची.

करात थोडं परत मिळतं. २०२६ च्या कर वर्षापासून, खर्चाची सविस्तर यादी न देणाऱ्या एकट्या करदात्यालाही रोख दानाबद्दल १००० डॉलरपर्यंत वजावट आहे. एका वेळी २५० किंवा त्याहून जास्त दिलेत तर चर्चकडून लेखी पावती घ्या. व्हिसानुसार नियम बदलतात, म्हणून आधी कर सल्लागाराला विचारा.

आईवडिलांच्या आठवणीसाठी मिस्सा लावायची तर साधारण दहा ते वीस डॉलर अर्पण असतं. हातात काही नसेल तरी चर्चचा कायदा धर्मगुरूला गरिबांसाठी मिस्सा अर्पण करायला सांगतो. लग्नाचा खर्च काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत कुठेही असू शकतो. ऑर्गनवादक, सजावट आणि विवाहपूर्व वर्ग यांचे पैसे बहुतेक वेगळे. दर लेखी मागा. देऊ न शकणाऱ्याला संस्कार नाकारता येत नाही, हे कलम ८४८ मध्ये स्पष्ट आहे.

एकट्या माणसाचं काय?

इथे मला जरा कडू बोलायचं आहे. पुरोगामी धर्मग्रामांत पांढरे केस जास्त दिसतात, आणि तरुणांचे भरगच्च गट बरेचदा जुन्या वळणाच्या चर्चमध्ये असतात. विचार जुळले तर वय जुळत नाही, वय जुळलं तर विचार जुळत नाहीत. यावर सोपा तोडगा नाही. एक मात्र करता येतं: तरुणांच्या गटापेक्षा कामाच्या गटात शिरा. अन्नछत्रात, वाचकांमध्ये, गायकवृंदात सत्तरीच्या बाईच्या शेजारी उभं राहावं लागेल. पण 'अजून लग्न नाही केलं?' हा प्रश्न तिथे कमी ऐकू येतो. तरुणांचा गट मात्र कधीकधी बिनपैशाचं वधूवर सूचक मंडळ होऊन बसतो. कुणाला तेच हवं असेल, तर तसंही.

मुलांबरोबर काम करणार असाल तर पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण करावं लागेल. २००२ मध्ये डॅलसच्या बैठकीत बिशपांनी ठरवलेल्या नियमावलीपासून ते सक्तीचं आहे. फी सहसा चर्च भरतं. 'तुमचं काय, चालेल तसंच' असं म्हणून कुणी ते टाळायला सांगितलं, तर त्या चर्चमध्ये पुन्हा पाऊल टाकू नका. प्रवचन कितीही पुरोगामी असो.

जर्मनीला जाणार असाल तर

सगळ्यात महाग रकाना जर्मनीत आहे. घराचा पत्ता नोंदवताना महापालिकेच्या फॉर्मवर धर्म विचारतात. तिथे रोमन कॅथलिक लिहिलंत की पगारातून चर्चकर कापला जातो: बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतरत्र ९ टक्के. महिन्याला ६०० युरो आयकर जात असेल, तर म्युनिकमध्ये ४८ आणि बर्लिनमध्ये ५४ युरो आणखी, म्हणजे वर्षाला ५७६ किंवा ६४८. ज्या विद्यार्थ्याला आयकरच लागत नाही, त्याला काहीच पडत नाही. भरलेला चर्चकर आयकर विवरणपत्रात वजा होतो, तेवढं विसरू नका.

'धर्म नाही' लिहून सुटका होते का? भारतात बाप्तिस्मा झालेला माणूसही तिथे सभासदच धरला जातो, आणि करखातं नंतर विचारणा करू शकतं. रीतसर बाहेर पडता येतं, पण जर्मन बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार बाहेर पडलेल्याला कम्युनियन, पापनिवेदन आणि गॉडपेरेंट होणं, सगळं बंद. तिथे स्वस्त आणि प्रामाणिक असा मधला मार्ग नाही. भरायचं ठरवलंत, तर मोबदल्यात विद्यापीठांच्या धर्मग्रामांत फिरा. स्त्रियांच्या स्थानावर आणि समलिंगी जोडप्यांवर जगातली सर्वांत मोकळी चर्चा जर्मन चर्चमध्येच चालते, आणि २०१९ ते २०२३ च्या त्यांच्या 'सिनोडल वाट' या चर्चाप्रक्रियेने तर रोमलाही अस्वस्थ केलं होतं.

निघण्याआधी आपल्या धर्मग्रामाच्या ऑफिसातून बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला घ्या. लग्नासाठी पुढे सहा महिन्यांच्या आतला नवा दाखला लागतोच, म्हणून ऑफिसचा ईमेल आणि कामकाजाच्या वेळा लिहून ठेवा. आईला उन्हात हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

पहिले तीन महिने कुठेही वार्षिक दानाचं वचन देऊ नका, रोख द्या आणि दोन-तीन चर्च फिरून बघा. कुठल्याही कॅथलिक चर्चमधली रविवारची किंवा शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते. वर्षभर एकाच ठिकाणी जाऊनही ऑफिसातल्या बाईखेरीज कुणाला तुमचं नाव माहीत नसेल, तर खुशाल बदला. जुन्या ऑफिसला दोन ओळी लिहून नाव काढायला सांगा आणि बँकेतून दरमहा जाणारं दान त्याच दिवशी स्वतः बंद करा. ते आपोआप थांबत नाही.